कुलाब्याचा कांटा आणि सूर्याचा वारा



१८३२ सालच्या जानेवारी महिन्यांतली गोष्ट आहे. लंडन शहरांत थेम्स नदीवर वॉटर्लू नांवाचा पूल आहे. त्या पुलाच्या कठड्यालगत एका गृहस्थानें सुमारें ९६० फूट लांबीची तांब्याची तार ताणली, तिच्या दोन्ही टोकांना धातूचे पत्रे जोडून ते नदीच्या पाण्यांत सोडले, आणि मध्यें एक नाजूक कांटा ठेवून तो हलतो कीं नाहीं हें तो पाहूं लागला. हा गृहस्थ म्हणजे मायकेल फॅरडे. विद्युद्वाहक पदार्थ चुंबकाच्या क्षेत्रांतून आडवा गेला कीं त्यांत विजेचा दाब उत्पन्न होतो, हा शोध त्यानें आदल्याच वर्षीं लावला होता. पृथ्वी हा एक प्रचंड लोहचुंबक. नदीचें पाणी हा वाहक, आणि तो सारखा वाहत असलेला. तेव्हां या तीरापासून त्या तीरापर्यंत विजेचा दाब उत्पन्न झालाच पाहिजे, असा त्याचा सरळ हिशेब होता. कांटा हलला खरा, पण भलत्याच कारणांनीं. नदीचा म्हणून जो अंश असेल तो त्यांतून निवडून काढतां येईना, आणि फॅरडेनें तसें प्रांजळपणें लिहून ठेविलें.

फॅरडेचा हिशेब बरोबर होता. नदी मात्र लहान पडली. आज मी आपल्याला ज्या नदीची हकीकत सांगणार आहें ती थेम्सहून फार मोठी आहे. ती सूर्यापासून निघते आणि साऱ्या ग्रहांच्या अंगावरून वाहत जाते. तिला शास्त्रज्ञ सौरवात म्हणतात. तिच्या वाहण्यानें जें विद्युत्-क्षेत्र निर्माण होतें तें ग्रहांच्या वातावरणाच्या वरच्या थरांत, म्हणजे आयनांबरांत, कसें उतरतें आणि तेथें काय घडवून आणतें, हें कळावयास शंभराहून अधिक वर्षें लागलीं. या शोधाच्या इतिहासांत आपल्या मुंबईचा कुलाबा आणि समुद्रापलीकडचें अलिबाग यांचा वांटा मोठा आहे. मी केवळ मॅट्रिक झालेला शाळामास्तर. गणिताच्या खोल पाण्यांत मी आपल्याला नेणार नाहीं. पण एकदोन गुणाकार मात्र करावे लागतील, त्याला इलाज नाहीं.

कुलाब्याची वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीनें १८२६ सालीं स्थापन केली. बंदरांतल्या जहाजांना बिनचूक वेळ कळावी हा तिचा मूळ हेतु. पुढें युरोपांत गाउसच्या प्रेरणेनें पृथ्वीच्या चुंबकत्वाचे वेध एकाच वेळीं अनेक ठिकाणीं घेण्याची मोठी चळवळ निघाली, आणि तिचा एक भाग म्हणून १८४१ सालीं कुलाब्यासही चुंबकीय वेध सुरू झाले. त्या पहिल्या काळांत ऑर्लेबर या इंग्रज प्राध्यापकाच्या हाताखालीं एक मराठी तरुण काम करीत होता. तोच पुढें प्रोफेसर केरो लक्ष्मण छत्रे म्हणून पुण्यांत प्रसिद्धीस आला आणि टिळकांसारख्या शिष्यांना गणित शिकविता झाला. 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकर यांच्याकडेही या वेधशाळेचें काम कांहीं काळ होतें. बाळशास्त्र्यांचें नांव आपण वृत्तपत्रांच्या इतिहासांत घेतों, केरोनानांचें पंचांगाच्या वादांत. पण चुंबकसूचीच्या इतिहासांत तें घेण्याची पद्धत आपल्यांत पडली नाहीं.

हें काम कसें चाले तें थोडक्यांत सांगतों. बंद खोलींत एक चुंबक दोऱ्यानें टांगलेला असे, आणि दुरून दुर्बिणींतून एका मोजपट्टीवर त्याचें स्थान वाचावयाचें असे. रात्रंदिवस ठराविक वेळीं माणसानें येऊन आंकडा वाचावा, वहींत मांडावा आणि जावें. कांट्यानें चंचलपणा दाखविला तर मात्र जागा सोडावयाची नाहीं. दर पंधरा मिनिटांनीं, पांच मिनिटांनींसुद्धां आंकडे घ्यावयाचे, असा शिरस्ता होता. छायाचित्राच्या कागदावर आपोआप रेषा उमटविणारीं यंत्रें कुलाब्यास १८७२ सालीं आलीं. तोंपर्यंत सारा भार माणसाच्या डोळ्यांवर होता. तें एका अर्थीं बरेंच झालें, हें आपल्याला पुढें दिसेल.

१८५९ सालच्या सप्टेंबरच्या १ तारखेस, सकाळीं ११ वाजून १८ मिनिटांनीं, इंग्लंडांत रेडहिल येथें रिचर्ड कॅरिंग्टन हा ज्योतिर्विद सूर्यावरील डागांचें चित्र काढीत असतां त्याला एका डागसमूहावर डोळे दिपविणारे दोन शुभ्र ठिपके एकाएकीं दिसले. पांच मिनिटांत ते मावळले. हॉजसन नांवाच्या दुसऱ्या निरीक्षकानेंही तें पाहिलें. त्यानंतर सुमारें साडेसतरा तासांनीं पृथ्वीवर असें चुंबकी वादळ उठलें कीं तसें पूर्वीं कोणीं नोंदलें नव्हतें. ध्रुवप्रदेशांत दिसावयाचा तो रंगीत प्रकाश क्यूबा आणि हवाई बेटांपर्यंत दिसला. अमेरिकेंत बोस्टन आणि पोर्टलंड येथील तारमास्तरांनीं आपल्या विद्युद्घटमाला सोडवून ठेविल्या आणि केवळ आकाशांतून आलेल्या विजेवर कांहीं वेळ संदेश चालविले. कॅरिंग्टन मोठा सावध गृहस्थ. एवढ्या एका प्रसंगावरून सूर्याच्या स्फोटाचा आणि पृथ्वीवरच्या वादळाचा कार्यकारणसंबंध जोडूं नये, असेंच त्यानें बजावलें.

इकडे कुलाब्यास २ सप्टेंबरची सकाळ होती. वेधशाळा लेफ्टनंट फर्ग्युसन यांच्या देखरेखीखालीं होती. दुर्बिणीशीं बसलेल्या निरीक्षकांनीं शिरस्त्याप्रमाणें आंकडे घेतले. चुंबकाची आडवी ओढ दुपारच्या आंत इतकी घसरली कीं आजच्या मापानें ती घट सुमारें १,६०० नॅनोटेस्ला भरते. कुलाब्यास ती ओढ एरवीं सदतीस-अडतीस हजारांच्या घरांत असते. म्हणजे शेकडा चारांहून अधिक घट. आपल्याला ही अल्प वाटेल. पण साधारण जोराच्या वादळांत ही घट शंभराच्या आसपास असते. युरोपांतील लंडनजवळच्या क्यू आणि ग्रीनिच येथें यंत्राची रेषा कागदाच्या बाहेर निघून गेली आणि ऐन वेळचा पुरावा नाहींसा झाला. कुलाब्यास कागद नव्हता, माणूस होता; तो मोजपट्टी वाचीत राहिला. त्याचें नांव आपल्याला ठाऊक नाहीं. त्याचे आंकडे मात्र छापील वार्षिक ग्रंथांत शाबूत राहिले.

सूर्य आणि चुंबकसूची यांचा कांहीं तरी संबंध आहे हें तोंपर्यंत अंधुकपणें ठाऊक झालें होतें. सूर्यावरील डाग जसे वाढतात तसतशीं चुंबकी वादळें वाढतात हें सबाइन या अधिकाऱ्यानें १८५२ सालीं दाखविलें होतें. पण हा संबंध पोंचतो कसा? १८९२ सालीं रॉयल सोसायटीच्या अध्यक्षपदावरून लॉर्ड केल्विन यांनीं या प्रश्नाचा हिशेबच मांडला. सूर्य हा चुंबक आहे आणि तो आपली चुंबकशक्ति दाही दिशांना लाटांच्या रूपानें फेंकतो असें धरलें, तर आठ तासांच्या एका बेताच्या वादळासाठीं त्याला जेवढी शक्ति खर्चावी लागेल, तेवढी तो उष्णता आणि प्रकाश यांच्या रूपानें चार महिन्यांत खर्चतो! तेव्हां हा संबंध खरा नसावा, तो केवळ योगायोग, असा केल्विन यांचा निकाल पडला. केल्विन यांचें वजन एवढें कीं या निकालानें हा विषय बराच काळ मागें पडला. मला येथें एक गोष्ट सांगावीशी वाटते. शाळेंत मुलांचें उत्तर चुकलें कीं आम्ही गुणाकार तपासतों. केल्विन यांचा गुणाकार अगदीं बरोबर होता. चूक गृहीतांत होती. सूर्य आणि पृथ्वी यांच्यामध्यें पोकळी आहे असें त्यांनीं धरलें होतें, आणि ती पोकळी नव्हतीच.

याच सुमारास दुसऱ्या बाजूनें एक धागा पुढें येत होता. चुंबकसूची वादळ नसतांनाही दररोज थोडी हलते, आणि हें हलणें सूर्याच्या उगवण्यामावळण्याबरोबर चालतें. बॅलफोर स्ट्युअर्ट यांनीं १८८२ सालीं असें सुचविलें कीं वातावरणाच्या अगदीं वरच्या थरांत हवा विद्युद्वाहक असली पाहिजे, आणि ती पृथ्वीच्या चुंबकक्षेत्रांतून हलली कीं तींत विजेचे प्रवाह वाहत असले पाहिजेत. ही फॅरडेच्या थेम्सचीच कल्पना. फक्त नदी आकाशांत नेली! १९०१ सालीं मार्कोनीचा बिनतारी संदेश अटलांटिक ओलांडून गेला तेव्हां या वाहक थराची आठवण पुन्हां झाली, कारण त्यावांचून लाटा पृथ्वीच्या गोलाईवरून वळाव्या कशा? १९०२ सालीं केनेली आणि हेव्हिसाइड यांनीं तसें मांडलें, आणि १९२४ सालीं ॲपलटन आणि बार्नेट यांनीं त्या थरावरून परतलेल्या लाटा प्रत्यक्ष मोजल्या. हेंच आयनांबर. सूर्याच्या जंबुपार किरणांनीं हवेच्या अणूंतून विद्युत्कण सुटे होतात आणि ऋण व धन असे दोन प्रकारचे कण तेथें मिसळून राहतात. रात्रीं दूरदूरचीं रेडिओ केंद्रें आपल्याला ऐकूं येतात तीं याच छताच्या कृपेनें. आपल्याकडे कलकत्त्यास शिशिरकुमार मित्र यांनीं या विषयाला वाहून घेतलें. त्यांचा 'दि अप्पर ॲटमॉस्फिअर' हा ग्रंथ १९४७ सालीं प्रसिद्ध झाला आणि जगभर प्रमाण मानला गेला.

आतां पुन्हां मुंबईस येऊं. विसाव्या शतकाच्या आरंभीं मुंबईंत विजेच्या ट्रामगाड्या घालण्याचें ठरलें. ट्रामच्या प्रवाहाची गळती जमिनींतून होते आणि तिच्यामुळें चुंबकसूची बिघडते. तेव्हां वेधशाळेचे पहिले हिंदी संचालक नानाभाई अर्देशिर फ्रामजी मूस यांनीं मुंबईपासून दूर, पण हवापाणी सारखें असलेली जागा शोधली, ती अलिबागची. तेथें लोहाचा अंश नसलेल्या सामग्रीची इमारत बांधली आणि १९०४ सालीं वेध सुरू झाले. येथें मूस यांची दूरदृष्टि पाहा. जुनी जागा बंद करून नवी उघडली असती तर दोन्ही नोंदींचा सांधा जुळला नसता. म्हणून त्यांनीं १९०४ पासून १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणीं एकाच वेळीं वेध चालविले. कुलाबा आणि अलिबाग यांची मिळून एक अखंड मालिका झाली ती यामुळें. ट्रामगाड्या १९०७ सालीं धांवूं लागल्या आणि १९६४ सालीं त्या बंदही झाल्या. अलिबागची मालिका मात्र चालूच आहे.

मूस यांनीं दुसरेंही एक मोठें काम केलें. १८४६ पासून १९०५ पर्यंतचे सारे आंकडे त्यांनीं तपासून, मांडून, १९१० सालीं दोन जाड भागांत छापले. त्यांत त्यांनीं अनेक वादळें घेतलीं, प्रत्येकाची सुरुवात हा शून्य तास धरला आणि तेथून पुढचा तासातासाचा सरासरी बदल काढला. त्यायोगें रोजचें नेहमींचें हलणें बाजूस पडलें आणि वादळाचें स्वतःचें रूप उघडें झालें. प्रथम थोडी वाढ, मग मोठी घसरण, मग दिवस-दोन दिवसांत सावकाश भरपाई. सिडनी चॅपमन यांनीं पुढें चुंबकी वादळांचा जो अभ्यास केला त्याची ही पूर्वपीठिका होय. मूस यांच्या ग्रंथांची आठवण आपल्या शहरांत फारशी कोणास राहिलेली नाहीं, याचें मला वाईट वाटतें.

सूर्य आणि पृथ्वी यांच्यामधील पोकळी पोकळ नाहीं हें दाखविलें तें धूमकेतूंनीं. धूमकेतूचें शेपूट नेहमीं सूर्याच्या उलट दिशेस असतें हें आपण शाळेंत शिकतों. लुडविग बियरमान यांनीं १९५१ सालीं असें मांडलें कीं शेपटांतील आयनांना मिळणारा धक्का केवळ प्रकाशाचा असूं शकत नाहीं. सूर्यापासून सर्वकाळ सर्व दिशांना विद्युत्कणांचा प्रवाह वाहत असला पाहिजे. १९५८ सालीं शिकागो येथील यूजीन पार्कर या तरुणानें सूर्याच्या तप्त वातावरणाचें गणित मांडून असा प्रवाह अटळ आहे असें दाखविलें आणि त्याला सौरवात हें नांव दिलें. ज्या मासिकाकडे हा लेख गेला त्याच्या दोन्ही परीक्षकांनीं तो नापसंत केला. मासिकाचे संपादक होते सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर. त्यांना स्वतःलाही ती कल्पना फारशी रुचली नव्हती, पण गणितांत चूक दाखवितां येत नाहीं तर लेख छापलाच पाहिजे असें ठरवून त्यांनीं तो छापला. १९६२ सालीं मरिनर-२ हें यान शुक्राकडे जात असतां वाटेंत त्यानें हा वारा महिनोन् महिने सतत मोजला आणि वाद मिटला.

या वाऱ्याचा वेग सेकंदास सुमारें ४०० किलोमीटर असतो, कधीं त्याच्या दुप्पट. घनता मात्र नांवापुरती. घनसेंटीमीटरांत पांचसात कण. पण तो विद्युद्वाहक आहे, आणि सूर्याचें चुंबकक्षेत्र तो आपल्याबरोबर ओढून आणतो. पृथ्वीजवळ तें क्षेत्र सुमारें ५ नॅनोटेस्ला भरतें. आतां फॅरडेचा गुणाकार करा. वेग गुणिले क्षेत्र, म्हणजे दर मीटरास २ मिलिव्होल्ट. किलोमीटरास दोन व्होल्ट. आपण म्हणाल, एवढेंच? पण पृथ्वीचें चुंबकत्व सौरवातास अडवून आपल्याभोंवतीं जी पोकळी राखतें, तिची रुंदी सुमारें दोन लक्ष किलोमीटर आहे. तेव्हां तिच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंतचा दाब चार लक्ष व्होल्ट झाला. थेम्सवर जें साधलें नाहीं तें येथें असें उघड्यावर मांडलेलें आहे.

हा दाब सगळा आंत येत नाहीं. पृथ्वीचें क्षेत्र ढालीसारखें आड येतें. १९६१ सालीं जेम्स डंजी यांनीं या ढालीचें दार दाखविलें. सौरवाताबरोबर आलेलें क्षेत्र दक्षिणाभिमुख असलें, म्हणजे पृथ्वीच्या क्षेत्राच्या उलट असलें, तर दोहोंच्या बलरेषा तुटून एकमेकींस जोडल्या जातात, आणि त्या जोडलेल्या रेषांवाटे बाहेरील विद्युत्-दाब थेट ध्रुवांवरील आयनांबरांत उतरतो. तेथें तो चाळीस हजारांपासून एक लक्ष व्होल्टपर्यंत भरतो. मोठ्या वादळांत दोन लक्षांच्या आसपास. क्षेत्र उत्तराभिमुख झालें कीं दार बहुतेक मिटतें. म्हणून एक सौरवात जोराचा असूनही निमूटपणें निघून जातो आणि दुसरा साऱ्या पृथ्वीवर धुमाकूळ घालतो. स्वीडनचे आल्फव्हेन यांनीं १९३९ सालींच सूर्याच्या प्रवाहांतील विद्युत्-क्षेत्र हेंच वादळांचें मूळ असें म्हटलें होतें. पण चॅपमन यांच्यासारख्या मातब्बरांना तें पटलें नाहीं, आणि तो विचार वीस वर्षें अडगळींत राहिला.

येथपर्यंत गोष्ट ध्रुवांची झाली. खरें नवल पुढें आहे, आणि तें आपल्या दाराशीं घडतें. १९६८ सालीं जपानचे आत्सुहिरो निशिदा यांनीं एका उपग्रहानें पृथ्वीच्या ढालीबाहेर घेतलेलीं मापें आणि जमिनीवरच्या वेधशाळांच्या रेषा शेजारीं शेजारीं ठेविल्या. सौरवातांतील क्षेत्र तासा-तासाच्या अंतरानें दक्षिण-उत्तर हेलकावे घेत होतें, आणि तेच हेलकावे ध्रुवाजवळ उमटत होते, तसेच चुंबकीय विषुववृत्तावरही, आणि तेही जवळजवळ त्याच क्षणीं! वारा विषुववृत्तापर्यंत पोंचत नाहीं; उष्णतेची लाट पोंचावयास कित्येक तास लागतात; पण विद्युत्-क्षेत्र मात्र क्षणार्धांत पोंचतें.

हें विषुववृत्त आपल्या देशाच्या दक्षिण टोंकाजवळून जातें. तेथें सुमारें शंभर किलोमीटर उंचीवर दिवसा विजेचा एक अरुंद, जोरकस प्रवाह पूर्वेकडे वाहतो. चॅपमन यांनीं त्याला १९५१ सालीं विद्युत्-झोत अशा अर्थाचें नांव दिलें. त्रिवेंद्रमजवळ थुंबा येथें २१ नोव्हेंबर १९६३ रोजीं आपला पहिला अग्निबाण उडाला, तो याच झोताच्या खालून. विक्रम साराभाई यांनीं तें गांव निवडलें तें या कारणासाठीं. अहमदाबादचे रा. गो. रस्तोगी आणि पटेल यांनीं १९७५ सालीं दाखविलें कीं बाहेरील क्षेत्र दक्षिणेकडून एकाएकीं उत्तरेकडे वळलें कीं या झोताचें विद्युत्-क्षेत्र उलटें होतें, भर दुपारीं पूर्वेऐवजीं पश्चिमेकडे. हें कोडें होतें. दार मिटलें तर परिणाम थांबावा. उलटा कां व्हावा?

याचें उत्तर रस्सीखेचेंत आहे. बाहेरील क्षेत्र आंत शिरूं लागलें कीं पृथ्वीभोंवतीं फिरणारे विद्युत्कण आपली जागा बदलतात आणि त्याच्या उलट दिशेचें क्षेत्र उभें करतात. पण त्यांना तयार व्हावयास अर्धा-एक तास लागतो. तोंपर्यंत बाहेरील क्षेत्र विषुववृत्तापर्यंत बिनविरोध येतें. नंतर दोन्ही पक्ष तुल्यबळ होऊन दोर स्थिर राहतो. अशा वेळीं एका पक्षानें दोर एकदम सोडला तर दुसरा पाठीवर पडतो, तसें बाहेरील क्षेत्र नाहींसें होतांच आंतील विरोधी क्षेत्र एकटें उरतें आणि कांटा उलट जातो. व्हासिलियुनास, तसेच जग्गी आणि वुल्फ यांनीं १९७० नंतरच्या दोनचार वर्षांत या ढालीचें गणित मांडलें. अर्थात् मोठ्या वादळांत ही ढाल कित्येक तास कमी पडते हेंही पुढें दिसून आलें.

या क्षेत्राचा हिशेब लहान असला तरी परिणाम लहान नसतो. पेरूमधील हिकामार्का येथील मोठ्या रडारनें मोजल्याप्रमाणें दर मीटरास अर्धा मिलिव्होल्ट एवढें पूर्वाभिमुख क्षेत्र तेथील आयनांबरास सेकंदास वीस मीटर वेगानें वर उचलतें. वर गेलेले कण चुंबकरेषांच्या उतारावरून दोन्ही बाजूंस कारंज्यासारखे घसरतात. म्हणून आयनांबर विषुववृत्तावर विरळ आणि आपल्याकडे अहमदाबादच्या आसपास दाट असतें. सौरवाताचें क्षेत्र आंत शिरलें म्हणजे हें कारंजें फार उंच उडतें. २००३ सालच्या ऑक्टोबरअखेरच्या वादळांत मध्य अक्षांशांवर चारशे किलोमीटरवरील विद्युत्कण कित्येक पटींनीं वाढलेले उपग्रहांनीं मोजले. विमानें आणि जहाजें आज उपग्रहांच्या संदेशांवरून आपलें स्थान ठरवितात. ते संदेश याच थरांतून यावयाचे असतात, आणि तो दाट झाला कीं स्थानांत चूक पडते. मे २०२४ मधील वादळांत लडाखांतील हानले येथून तांबडा ध्रुवप्रकाश टिपला गेला, हें आपल्यापैकीं कित्येकांनीं वृत्तपत्रांत वाचलें असेल.

पृथ्वीला निदान ढाल तरी आहे. शुक्राला स्वतःचें चुंबकत्व नाहीं. मंगळाला जें होतें त्याचे तुकडे कवचांतील खडकांत तेवढे उरले आहेत. तेथें सौरवात आयनांबरावर सरळ आदळतो आणि आयनांबरालाच प्रवाह उभे करून त्याला थोपवावें लागतें. शुक्रावर वाऱ्याचा दाब वाढला कीं रात्रीच्या बाजूचें आयनांबर जवळजवळ नाहींसें होतें, असें १९७८ सालीं तेथें पोंचलेल्या पायोनियर यानास आढळलें. मंगळाची कथा अधिक करुण आहे. वरच्या थरांतील प्राणवायूचे आयन सौरवाताच्या विद्युत्-क्षेत्राच्या तावडींत सांपडतात आणि त्याच्या दिशेनें तुऱ्यासारखे वर खेंचले जाऊन अंतराळांत निघून जातात. २०१४ सालीं मंगळाभोंवतीं फिरूं लागलेल्या मेव्हन यानानें हा तुरा मोजला. सारा हिशेब धरून सेकंदास सुमारें शंभर ग्रॅम हवा मंगळ असा गमावतो. एक पावशेराहूनही कमी, पण अब्जावधि वर्षें! २०२२ सालच्या डिसेंबरांत एकदां सौरवात एकाएकीं शंभरपट विरळ झाला, तेव्हां मंगळाचें आयनांबर हजारों किलोमीटर फुगून वर आलें. गुरूची तऱ्हा वेगळीच. तो दहा तासांत स्वतःभोंवतीं फिरतो, आणि त्या फिरण्याचेंच विद्युत्-क्षेत्र एवढें प्रबळ कीं सौरवाताचें तेथें फारसें चालत नाहीं.

आतां कुलाब्याच्या त्या सकाळीविषयीं राहिलेलें सांगतों. २००३ सालीं त्सुरुतानी, गोन्झालेस, लखिना आणि अलेक्स या चौघांनीं कुलाब्याचे १८५९ चे आंकडे पुन्हां काढून आजच्या ज्ञानाच्या उजेडांत मांडले, आणि एवढ्या मोठ्या घसरणीचा तो एकमेव सलग पुरावा असल्यामुळें जगभर त्याची चर्चा सुरू झाली. मोठी घसरण सहसा पृथ्वीपासून दूर वाहणाऱ्या वलयाकार प्रवाहामुळें होते, पण तो प्रवाह ओसरावयास दिवस लागतात. कुलाब्याची रेषा मात्र खालीं येऊन थोड्याच वेळांत पुष्कळशी वर चढली, आणि तीही भर दिवसा. म्हणून कांहीं अभ्यासकांचें म्हणणें असें कीं ही घसरण सगळी त्या वलयाची नव्हे. सौरवाताच्या दाबानें आयनांबरांत उतरलेल्या प्रवाहांचाही तींत मोठा वांटा असावा. तासाची सरासरी घेतली तर १,६०० चा आंकडा हजाराच्या आंत येतो. दुसरा पक्ष म्हणतो, वादळ इतकें असामान्य होतें कीं वलयही असामान्य वेगानें ओसरलें असेल. हा वाद केवळ पंडितांचा नाहीं. १९८९ सालच्या मार्चांत त्याहून लहान वादळानें कॅनडांतील क्वेबेक प्रांताची वीज दीड मिनिटांत गेली आणि साठ लक्ष लोक नऊ तास अंधारांत राहिले. मोठ्यांत मोठें वादळ किती मोठें असूं शकतें, हें ठरवितांना जगाला अजून त्या एका वहीकडेच पाहावें लागतें.

माझें स्वतःचें मत विचाराल तर आयनांबराचा वांटा मानणाऱ्यांकडे मी झुकतों, कारण घसरणीपेक्षां चढणीचा वेग मला अधिक बोलका वाटतो. परंतु निकाल आंकड्यांनीं लागावयाचा आहे. २ सप्टेंबर २०२३ रोजीं, म्हणजे कुलाब्याच्या त्याच तारखेस, आदित्य-एल१ हें आपलें यान निघालें, आणि ६ जानेवारी २०२४ पासून तें पृथ्वीच्या सूर्याकडील बाजूस पंधरा लक्ष किलोमीटरांवरून येणाऱ्या वाऱ्याचा वेग, घनता आणि त्याच्या क्षेत्राची दिशा मोजीत आहे. तेथून निघालेला वारा पृथ्वीस पोंचावयास तासभर लागतो. पुढचें मोठें वादळ येईल तेव्हां बाहेरचें क्षेत्र कोणत्या क्षणीं दक्षिणेकडे वळलें हें तेथें कळेल, आणि अलिबागची रेषा त्यानंतर किती मिनिटांत हलली हें त्याच्याशेजारीं ठेवतां येईल.